कोमट चुना

प्रिय मिस्त्री,

'प्रिय' बघून दचकू नका. पत्राची सुरुवात अशीच करतात असं माझी ताई म्हणाली, आणि तिला पत्रांचा सराव आहे, भावजी सात वर्षं बोटीवर नोकरीला होते. मी चौथीतून उठले ती परत शाळेत गेले नाही, तेव्हा अक्षराला हसू नका आणि चुका काढत बसू नका. हे पत्र तुम्हाला साहेबांच्या गाडीवाल्याने दिलं असेल. मिस्त्री गाडीत बसले की लगेच हातात द्यायचं, उतरताना नाही, असं मी त्याला चारदा बजावलंय. तो वैतागून म्हणाला, मावशी, पत्र आहे की औषध? मी म्हटलं, औषधच समज, आणि वेळेवर दे. चार तासांचा रस्ता आहे. तुमचा चष्मा कितीही जुना असला तरी चार तासांत एवढी पानं होतील. किल्ल्याच्या दारात गाडी थांबेल तेव्हा शेवटची ओळ वाचून झालेली पाहिजे. झाली नसेल तर गाडीतून उतरू नका. चेष्टा करत नाही. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुमच्या सूनबाईंनी उचलला. डावा कान गेल्यापासून बाबा फोन घेतच नाहीत, काय निरोप असेल तो सांगा, म्हणाल्या. हा निरोप सुनेकडे ठेवण्यासारखा नाही.

मला भीती वाटतेय. मी तीन मजले उंच परांचीवर उभी राहून डबा खाल्लेली बाई, तुम्हाला माहीत आहे. पण रविवारपासून हातातलं भांडं पडतं. घरात छताकडे बघते आणि खाट सरकवते. ताई म्हणते तुला नजर लागली. मी म्हणते, नजर लागली नाही, पडली.

रविवारी आम्ही किल्ला बघायला गेलो. दुरुस्तीवर होते त्या सगळ्यांना साहेबांनी उद्घाटनाच्या वेळी पास वाटले होते ना, त्यातला माझा वर्षभर पिठाच्या डब्याखाली पडून होता. मला कसली हौस! पण ताई मागे लागली. तीन वर्षं तू अंगावर पांढरी धूळ घेऊन घरी यायचीस, ते केलंस तरी काय ते मला एकदा दाखव. तिचे गुडघे गेलेत, दर दहा पायऱ्यांना बसायची आणि म्हणायची, या राजाला सपाटीवर घर बांधायला काय झालं होतं? किल्ला ओळखू येत नव्हता, मिस्त्री. आपण चुना मळायचो तिथे गवत लावलंय आणि त्यावर पाय ठेवू नका अशी पाटी आहे. आपले चुन्याचे खड्डे बुजवून त्यावर बाकडी टाकलीत. मी त्यातल्या एका बाकड्यावर बसले, आणि माझ्या खाली नक्की कोणता खड्डा आहे हे मला बसल्या बसल्या कळलं. पाचवा. मी लगेच उठले. ताई म्हणाली, बसतेस काय, उठतेस काय, अंगात घाई भरलीय तुझ्या. तुम्ही हेच म्हणायचात. पहिल्याच दिवशी मी पाणी जास्त ओतलं तेव्हा तुम्ही माझं नाव घाईबाई ठेवलंत आणि सगळ्यांनी उचललं. हजेरीवालासुद्धा घाईबाई म्हणूनच हाक मारायचा.

तिकडे गाईड मुलगी होती, हातात छत्री, छत्री वर धरून माणसं गोळा करायची. तिने सगळं फिरवलं. तीन वर्षं मी त्या दगडांच्या दरजांत चुना भरायला मळून दिला, पण त्या दगडांमागे कोण राहायचं, कोण मेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. भिंत ती भिंत. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खंदक कुणी खणला, तट किती जाड, सात वेळा शत्रू आला आणि तटाला ओरखडासुद्धा पाडू शकला नाही. मला छाती फुगवून ताईकडे बघावंसं वाटलं, जणू तट मीच बांधला होता.

मग ती आम्हाला मोठ्या दालनात घेऊन गेली. तेच, सात कमानींचं, जिथे तुम्ही शेवटचे चार महिने मान वर करून काढलेत आणि मानेला पट्टा लागला. ती म्हणाली, किल्ला आठव्या वेळी पडला आणि तो इथे, या दालनात पडला. वेढा पडला होता. किल्लेदार रोज सकाळी आपल्या कोठीवाल्याला इथे बोलवायचा आणि एकच विचारायचा, धान्य पुरेल ना? कोठीवाला म्हणायचा, पुरेल. खरं म्हणजे कोठीत खालून ओल आली होती, वरचं धान्य चांगलं आणि खालचं सगळं सडलेलं. त्याला ते माहीत होतं. पहिल्या दिवशी सांगायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी भीती वाटली, आणि तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. शत्रूने निरोप पाठवला की बायकापोरांना बाहेर जाऊ देतो. किल्लेदाराने कोठीवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, पुरेल. निरोप्या परत गेला. विसाव्या दिवशी भुकेल्या माणसांनी आतूनच दरवाजा उघडला, आणि पुढे काय झालं ते तिने लेकरं सोबत होती म्हणून हळू आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाली, बघा, तोफेने नाही पडला, एका 'पुरेल'ने पडला. लोक हसले. एकाने फोटो काढला.

मी हसले नाही. कारण ती बोलत होती तेव्हा माझ्या डोक्यावर बारीक आवाज झाला. टिक. वाळलेली शेंग तडकावी तसा. मग जरा वेळाने परत, टिक. आणि ताईच्या काळ्या शालीवर पांढरं काहीतरी पडलं. ती झटकायला लागली. मी तिचा हात धरला आणि ते चिमटीत घेतलं. मिस्त्री, चुन्याचा कण माझ्या बोटांना कळणार नाही का? खाली फरशीवरही तशीच पांढरी रांग होती, कुणीतरी रांगोळीची चिमूट हातातून सोडत गेल्यासारखी. मी वर बघितलं. तिसरी कमान, खिडकीच्या बाजूची. गिलाव्याला कांजिण्यांसारखे वण उठले होते आणि प्रत्येक वणाच्या पोटात एक पांढरा दाणा. वणांमधून एक भेग निघून खिडकीपर्यंत खाली आली होती, केसाएवढी नाही, बोटाचं नख जाईल एवढी. आणि कमानीच्या माथ्याला दगडांनी किंचित पोट काढलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं.

मी ताईला दंडाला धरून ओढलं, ती पडता पडता वाचली. मग मी ओरडले. कसं ओरडते तुम्हाला माहीत आहे, चुना मळायच्या घाणीवरून परांचीच्या माथ्यावर ऐकू जायचं. म्हटलं, व्हा बाहेर सगळे, त्या कमानीखालून हला! गाईड मुलगी म्हणाली, काकू, प्लीज. मी म्हटलं, प्लीज गेलं चुलीत, आधी हल. एक गृहस्थ म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय. मी त्यांच्या टोपीवरचा चुना त्यांनाच काढून दाखवला, तेव्हा गेले. दरवानाने मला धरलं, आणि धरल्यावर ओळखलं. दहा मिनिटांत दालन रिकामं झालं. देखरेखीचे साहेब आले, खालून बघितलं, म्हणाले, गिलावा सुटतोय. दोरी बांधली. मी म्हटलं, दोरीने कमान थांबते का? ते म्हणाले, मिस्त्रींना बोलावतो, ते सांगतील ते खरं.

घरी जाईपर्यंत मी तेवढंच पुटपुटत होते. ते सांगतील ते खरं.

सोमवारी सकाळी मी परत गेले. आपल्या घाणीवरची जाडी आठवते ना, ती आता तिथे झाडलोट करते, तिने मला आत सोडलं. तुम्ही शिकवलं होतं, भेग जिवंत आहे की मेलेली ते बघायचं तर तिच्यावर प्लॅस्टरची आडवी पट्टी लावायची, दोन बोटं रुंद, पातळ, आणि वाट बघायची. पट्टी तुटली तर भिंत चालतेय. मी भिंतीला पाठ लावून, कमानीखालून न जाता, खिडकीपर्यंत गेले. वीस पावलं असतील. एवढी लांब वाट मी आयुष्यात चालले नाही. कोनाड्यावर चढून हात लांब करून पट्टी लावली. लावताना वरून दोनदा टिक झालं आणि घाईत पट्टी वाकडी लागली. तुम्ही असता तर पुसून परत लावायला लावली असती. मंगळवारी संध्याकाळी गेले तर पट्टी मधोमध तुटलेली. नुसती तुटलेली नाही, दोन तुकड्यांत माझी करंगळी मावत होती. साहेबांना खिडकीबाहेरून दाखवली. ते वेडे नाहीत, त्यांचाही चेहरा उतरला. त्यांनी दालनाला कुलूप लावलं. म्हणाले, आता आत फक्त एकच माणूस जाणार, मिस्त्री. उंच शिडी दाराशी आणून ठेवलीय. उद्या, गुरुवारी, तुम्ही येणार.

तुम्ही काय करणार ते मला ठाऊक आहे. तीन वर्षं रोज बघितलंय. तुम्ही कुणाचं ऐकून घेणार नाही, हातोडी कमरेला लावणार, थेट कमानीखाली जाऊन शिडीवर चढणार, चष्मा खिशात ठेवणार, चांगला कान दगडाला लावून डोळे मिटणार आणि तीन ठोके मारणार. हळू, मग जरा जोरात, मग जोरात. आणि तो टिक आवाज तुम्हाला ऐकूच येणार नाही, कारण तो तुमच्या गेलेल्या कानाच्या बाजूला होईल. तुम्ही बिनघोर ठोकणार. दगड आपण जुनाच बसवला, कमान ओळंब्याला बरोबर होती, आणि चुना तर घाईबाईने पिकवलेला, मग खराब काय असणार? पाऊस मुरला असेल, असं तुम्हाला वाटणार.

पाऊस मुरलेला नाही मिस्त्री.

तुमचा नियम होता, खड्ड्यातला चुना सहा महिने पाण्याखाली पडून राहिला पाहिजे. चुनकळ्या पाण्यात विझल्या म्हणजे चुना झाला असं नाही, म्हणायचात, जास्त भाजलेला खडा झोपलेला असतो, तो उशिरा जागा होतो, आणि भिंतीत जागा झाला तर भिंत फोडून बाहेर येतो. पहिलं वर्ष तुम्ही प्रत्येक खड्डा स्वतः उघडलात. बोटांत घासून बघायचात, लोण्यासारखा लागला तरच हो म्हणायचात. मग तुमचे गुडघे, मग तुमचा कान, आणि एक दिवस सगळ्यांच्या समोर तुम्ही म्हणालात, ही म्हणाली पिकला म्हणजे पिकला, मला दाखवू नका. त्या दिवशी मी घरी जाताना नेहमीच्या निम्म्या वेळात पोहोचले. शाळेत माझ्या पाटीवर कधी बरोबरची खूण आली नव्हती. ती तुम्ही दिलीत.

तिसरी कमान आपण सगळ्यांत शेवटी धरली होती, आणि चौथा खड्डा तिच्या अर्ध्यावर संपला. पाचवा भरून वीस दिवस झाले होते. तुम्ही शिडीवरून खाली न बघता हाक मारलीत, घाईबाई, पाचवा पिकलाय ना? मी फळी सरकवली आणि कोपरापर्यंत हात घातला. वरून गार होता. खाली तळाला कोमट लागला, आंघोळीचं काढलेलं पाणी निवत यावं तसा. कोमट म्हणजे आत अजून खडे विझतायत. हे मला तुम्हीच शिकवलंत. मी हात बाहेर काढला, पदराला पुसला, आणि म्हटलं, पिकलाय. चाळणीसुद्धा मोठ्या भोकांची घेतली. त्या कोठीवाल्याने वीस वेळा सांगितलं असेल, मी एकदाच सांगितलं. तुम्ही संध्याकाळी वहीत सही केलीत, चुना तपासला म्हणून. माझ्या शब्दावर. त्या वहीत माझं नाव कुठेच नाही.

का केलं ते विचाराल. उद्घाटनाची तारीख जवळ होती, साहेब रोज ओरडत होते, हे सगळं आहे. पण साहेबांना घाबरणारी मी नव्हे. त्याच आठवड्यात तुमचा मुलगा आला होता. कमान झाली की बाबांना घेऊन जातो, आता त्यांनी काम करायचं नाही, असं तो चहा पिता पिता सांगून गेला. त्यानंतर रोज दुपारी तुम्ही तुमचं एकेक हत्यार पुसून पेटीत ठेवायला लागलात. आज ओळंबा, उद्या थापी. मला ते बघवेना. मला वाट बघता येत नाही, कसलीच, आणि माणूस जायची तर अजिबात नाही. म्हटलं, जायचंच आहे ना, मग होऊ दे ती कमान एकदाची आणि जा. खरं बोलले असते, कच्चा आहे म्हटलं असतं, तर काम पाच महिने थांबलं असतं आणि तुम्ही पाच महिने अजून राहिला असता. एवढं साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही. तुमची गाडी वळणावरून गेली तेव्हा सुचलं. तोवर चुना दगडांत बसला होता.

वर्षभर मी स्वतःला सांगत होते की काही होणार नाही. थोडाच होता, दोन-चार दिवसांच्या कामापुरता. मग पास डब्याखाली ठेवला आणि म्हटलं, ताईचे गुडघे दुखतात, तिला सोडून मी कशाला जाऊ. आता कळतंय, मी बाकड्यावरून उठले तशी वर्षभर त्या किल्ल्यापासूनच उठून दूर बसले होते.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या दारातच सांगणार, तुम्ही उतरलात की, सगळ्यांच्या समोर, वही मागवून. सही तुमची असली तरी हात माझा होता, हे मोठ्याने सांगणार. तो आवाज मला आहे. मला काय करायचं ते करोत, कुठेही चुना मळायला परत घेणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि घेऊ नयेच. पण ते तुमच्या कानावर आधी माझ्याकडून यावं, आणि चार माणसांत नाही, एकटे असताना. तोंडावर सांगायला गेले असते तर मी ओरडले असते, आणि ओरडण्यात हे बसत नाही. म्हणून हे पत्र. आणि खरं कारण एवढंच आहे की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता. त्या विश्वासानेच तुम्ही उद्या कमानीखाली जाल आणि हातोडी माराल. तर हात जोडून सांगते, तीन वर्षांत माझा प्रत्येक शब्द खरा मानलात, तो एक सोडा. पाचवा पिकला नव्हता. शिडीला हात लावू नका. दोन्ही बाजूच्या कमानींखाली आधी टेकू द्यायला लावा, आणि तिसरी वरून उघडा, खालून नाही. दारात सांगून झालं की मी दालनाच्या कुलपाशी जाऊन उभी राहीन. तुम्हाला राग आला तर माझ्याकडे बघू नका, बोलू नका, पण थांबा. आणि न थांबता आत गेलातच, तर मीही मागून आत येणार आणि शिडी धरून उभी राहणार, मग मला बाहेर काढायला तुम्हाला खाली उतरावं लागेल. घाई करू नका मिस्त्री. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हे सांगतेय. वर जे 'प्रिय' लिहिलंय ते ताईने सांगितलं म्हणून लिहिलं होतं, पण आता खोडत नाही, राहू देते.

तुमचीच,
घाईबाई